प्रबंध आणि उमेदवारी : पदव्युत्तर पदवीच्या दोन वाटा व चांदा-गडचिरोलीचा वनप्रदेश

१. प्रश्नाचे स्वरूप

पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध लिहावा, की प्रबंधाऐवजी प्रश्नपत्रिका आणि एखाद्या संस्थेतील आंतरवासिता पत्करावी, हा प्रश्न वरवर पाहता अभ्यासक्रमाच्या तपशिलाचा वाटतो. वस्तुतः तो विद्यापीठाच्या हेतूविषयीचा प्रश्न आहे. विद्यार्थ्यास काय ठाऊक आहे, त्याने नवे काय शोधले आणि त्यास काय करता येते, ह्या तीन भिन्न अपेक्षा एकाच पदवीच्या नावाखाली दीर्घकाळ एकत्र नांदत आल्या आहेत. त्यांपैकी कोणत्या अपेक्षेस अग्रस्थान द्यावयाचे, ह्याचे उत्तर प्रत्येक पिढीने वेगळे दिले आहे.

आजच्या पिढीपुढे हा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पदव्युत्तर आराखड्यात द्विवर्षीय पदवीच्या दुसऱ्या वर्षासाठी तीन पर्याय मान्य केले आहेत : केवळ अभ्यासक्रम, अभ्यासक्रम व संशोधन, किंवा केवळ संशोधन. महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी २०२३ साली जो आराखडा ठरला, त्यात दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्र-प्रकल्प, आणि तिसऱ्या व चौथ्या सत्रांत मिळून दहा श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प अशी मांडणी आहे. समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, ग्रामीण व्यवस्थापन ह्यांसारख्या व्यावसायिक पदव्यांत क्षेत्रकार्याचा भार ह्याहूनही अधिक असतो. कोणत्या पदवीस प्रवेश घ्यावयाचा आणि तीत कोणत्या अंगावर भर द्यावयाचा, ह्याचा निर्णय विद्यार्थ्यास करावा लागतो.

ह्या निर्णयाच्या वेळी एक ठरीव सल्ला दिला जातो. प्रबंध ही विद्वत्तेची वाट आणि आंतरवासिता ही नोकरीची वाट, असा तो सल्ला आहे. प्रस्तुत निबंधात हा सल्ला इतिहासाच्या कसोटीस लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मुंबई व नागपूर विद्यापीठांची परंपरा पार्श्वभूमीस ठेवून विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन वनजिल्ह्यांचा अनुभव तपासला आहे. ज्या प्रदेशातील बोली, वनोपज, रोग आणि हक्क ह्यांविषयीचे ज्ञान अद्याप पुरतेपणी लेखनिविष्ट झालेले नाही, तेथे पदवीचे कोणते रूप निवडावे ह्या प्रश्नास निराळे वजन येते.

२. शब्दांचा मागोवा

ह्या चर्चेतील तीन शब्दांचा इतिहास पाहिल्यास पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. ‘आंतरवासिता’ हा शब्द शासनव्यवहारात रूढ झालेला पारिभाषिक शब्द होय. तो वाचताच संस्कृतातील ‘अंतेवासी’ ह्या शब्दाची आठवण होते. गुरूच्या सन्निध राहून विद्या संपादन करणारा तो अंतेवासी. ह्या शब्दात सहवासास महत्त्व आहे. शिष्याने पाहून, करून आणि सोबत राहून शिकावे, अशी कल्पना त्यामागे आहे.

तथापि मराठीच्या प्रत्यक्ष व्यवहारात ह्याच आशयासाठी फार पूर्वीपासून वापरात असलेला शब्द ‘उमेदवारी’ हा आहे. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘आशा बाळगणारा’. कचेरीत जागा मिळेल ह्या आशेने बिनपगारी काम करणारा, नकला उतरणारा, हिशेब शिकणारा तरुण तो उमेदवार. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही नोकरीच्या अपेक्षेने असलेला हाच अर्थ आढळतो. निवडणुकीस उभा राहणारा हा अर्थ पुढचा. १९६१ च्या कायद्याने कारखान्यांतील प्रशिक्षणार्थ्यांस नियमबद्ध स्थान दिले, तेव्हा मराठीत त्यांच्यासाठी ‘शिकाऊ उमेदवार’ हीच संज्ञा रूढ झाली. म्हणजे अंतेवासी ह्या शब्दात विद्या आहे आणि उमेदवार ह्या शब्दात आशा व श्रम आहेत. आंतरवासितेचे रूपांतर ह्यांपैकी कोणत्या अर्थात होते, हा ह्या निबंधातील कळीचा मुद्दा आहे.

तिसरा शब्द ‘प्रबंध’. त्याचा धात्वर्थ घट्ट बांधणी असा आहे. परस्परसंबद्ध, सुसूत्र रचना म्हणजे प्रबंध. पृष्ठसंख्या किंवा कापडी बांधणी हे त्याचे लक्षण नव्हे. सुटी निरीक्षणे एका प्रश्नाभोवती बांधली गेली की तो प्रबंध होतो. हा मूळ अर्थ लक्षात घेतला, तर दोन वाटांमधील अंतर मानले जाते तेवढे मोठे नाही, असे दिसून येईल.

३. परीक्षेची परंपरा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. ते अध्यापन करणारे विद्यापीठ नव्हते. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदव्या देणे हे त्याचे मुख्य कार्य होते. १८६२ साली ज्या तरुणांनी तेथील पहिली बी. ए. पदवी मिळविली, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. दोघेही पुढे एम. ए. झाले, ते परीक्षेच्या मार्गाने. भांडारकरांचे संस्कृत विद्येतील संशोधन आणि रानड्यांचे अर्थविषयक व इतिहासविषयक लेखन ही पदवीनंतरच्या आयुष्यातील कामगिरी होय. पदवीने ती मागितलेली नव्हती.

म्हणजे प्रबंधरहित पदव्युत्तर पदवी ही अलीकडची सवलत आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. भारतीय विद्यापीठांत तीच मूळ पद्धती होती आणि प्रबंध हा नंतर आलेला अपवाद होता. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस स्वतः अध्यापन व संशोधन करण्याचा मार्ग मोकळा झाला. आशुतोष मुखर्जी ह्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास १९१७ साली पदव्युत्तर विभागांची पुनर्रचना झाली. त्याच वर्षी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ साली जो विस्तृत अहवाल सादर केला, त्यात केवळ परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाच्या कल्पनेतील उणिवा स्पष्टपणे मांडल्या गेल्या.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्यापूर्वी नागपूरची हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये आधी कलकत्ता व पुढे अलाहाबाद विद्यापीठास जोडलेली होती. चांद्याच्या वनप्रदेशातील विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागे आणि त्याची परीक्षा दूरच्या विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेवर होई. त्या प्रश्नपत्रिकेत चांद्याचे जंगल, तेथील गोंड राजवटीची परंपरा किंवा कोलामांची बोली ह्यांना स्थान असण्याचे कारणच नव्हते. परीक्षाप्रधान पदवीचा मोठा दोष हा, की ती विद्यार्थ्यास त्याच्या प्रदेशाविषयी काहीही विचारीत नाही.

४. प्रबंधाचा प्रवेश

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय काही अंशी मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाकडे जाते. १९१९ साली पॅट्रिक गेडिस ह्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा विभाग १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांच्याकडे आला. तेथे एम. ए. ची पदवी प्रबंध लिहूनही मिळविता येत असे. इरावती कर्वे ह्यांनी १९२८ साली चित्पावन ब्राह्मणांच्या अभ्यासावर ही पदवी घेतली. म्हैसूरमधील विवाह व कुटुंबसंस्था ह्या विषयावरील एम. एन. श्रीनिवास ह्यांचा एम. ए. चा प्रबंध १९४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एम. ए. च्या विद्यार्थ्याचे लेखन ग्रंथ म्हणून वाचले जावे, ही गोष्ट त्या काळी विशेष होती. बाहेरच्या विद्यापीठांतही असे प्रसंग घडत होते. डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी लंडन विद्यापीठाची एम. एस्सी. ही पदवी १९२१ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतिक विकेंद्रीकरण ह्या विषयावरील प्रबंधाने मिळविली.

ह्या उदाहरणांवरून प्रबंधाचे खरे सामर्थ्य कळते. प्रबंधामुळे विद्यार्थ्यास एक प्रश्न स्वतः निवडावा लागतो, त्याची सामग्री स्वतः जमवावी लागते आणि निष्कर्षाची जबाबदारी स्वतः घ्यावी लागते. शिवाय तो लेख मागे राहतो. उत्तरपत्रिका मागे राहत नाही.

तरीही स्वातंत्र्योत्तर धोरणाने प्रबंधास पदव्युत्तर स्तरावर सरसकट मान्यता दिली नाही. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात असे सुचविले, की पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका विशेष विषयाचा प्रगत अभ्यास आणि संशोधनपद्धतीचे शिक्षण असावे, मात्र प्रत्यक्ष संशोधन त्यात नसावे. संशोधन ही डॉक्टरेटची बाब, पदव्युत्तर पदवी ही तयारीची बाब, असा हा विभाग होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दुसऱ्या दिशेने पाऊल टाकले. शिक्षण आणि उत्पादक श्रम ह्यांतील दरी बुजविण्यासाठी ‘कार्यानुभव’ हा शिक्षणाचा घटक असावा, असा त्याचा आग्रह होता. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राच्या ग्रामीण शिक्षणाशी निकटचा संबंध असलेले विचारवंत होते. आजच्या कार्यप्रशिक्षणाच्या श्रेयांकांमागील एक प्रेरणा ह्या कार्यानुभवाच्या कल्पनेत शोधता येते.

दरम्यान व्यावसायिक शिक्षणात क्षेत्रकार्याची स्वतंत्र परंपरा रुजली होती. देहरादूनची वनशाळा १८७८ साली निघाली आणि तेथे शिकलेल्या वनाधिकाऱ्यांचे अर्धे शिक्षण जंगलातच होत असे. आलापल्लीच्या सागवानासारख्या वनांचे व्यवस्थापन ज्या कार्य-आयोजनांवर चालत आले, त्या आयोजना म्हणजे कक्षवार पाहणीतून तयार झालेले सुसूत्र लेखच होत. मुंबईस १९३६ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांच्या संचालकत्वाखाली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने (पुढे टाटा समाजविज्ञान संस्था) वर्गातील शिक्षण व पर्यवेक्षित क्षेत्रकार्य ह्यांची जोडी भारतात रूढ केली. आणंद येथे १९७९ साली स्थापन झालेल्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेने विद्यार्थ्यांस खेड्यात राहावयास पाठविणे हा अभ्यासक्रमाचा भाग केला. ह्या सर्व ठिकाणी क्षेत्रकार्याबरोबर लेखन आणि पर्यवेक्षण ही दोन्ही अंगे अनिवार्य होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

५. वनप्रदेशातील बोली आणि त्यांचे नोंदकार

आता प्रत्यक्ष प्रदेशाकडे वळणे उचित होईल. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. त्याच जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची देशातील संख्या सुमारे २९.८ लक्ष होती. मराठी, गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगू, छत्तीसगढी आणि निर्वासितांबरोबर आलेली बंगाली अशा भाषांचा हा संगमप्रदेश आहे. ह्या बोलींच्या नोंदींचा इतिहास प्रबंध व उमेदवारी ह्यांच्या वादावर चांगला प्रकाश टाकतो.

ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मुंडा व द्राविडी भाषांवरील चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्याची सिद्धता स्टेन कोनो ह्यांनी केली. त्यात गोंडी, कोलामी व नाइकी ह्यांचे नमुने आहेत. हे नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी यंत्रणेकडून मागविलेले होते. बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर आणि एक ठराविक शब्दसूची, अशी त्यांची पद्धत होती. नमुने जमविणारे बहुतेक अधिकारी भाषाशास्त्र शिकलेले नव्हते. त्यामुळे उच्चारांच्या नोंदी सदोष राहिल्या. परंतु प्रश्नावली सर्वत्र एकच असल्यामुळे तुलना शक्य झाली. अप्रशिक्षित हातांनी केलेले कामही पद्धती एकसारखी असल्यास उपयोगी पडते आणि प्रशिक्षणाच्या अभावी कोठे उणे पडते, हे दोन्ही धडे त्या खंडातून मिळतात.

त्यानंतर प्रशिक्षित संशोधकांचे काम आले. एम. बी. एमिनो ह्यांचे वर्ध्याकडील कोलामीचे वर्णन १९५५ साली प्रसिद्ध झाले. चांद्याच्या नाइकीवरील सुधीभूषण भट्टाचार्य ह्यांचा लेख १९६१ साली आला. द्राविडी भाषांच्या तौलनिक अभ्यासात ह्या दोन्हींना कायमचे स्थान आहे.

परंतु ह्या दोहोंच्या आधी, १९५० साली, हैदराबाद येथून कोलामीचे एक व्याकरण प्रसिद्ध झाले होते. त्याचे लेखक सेतुमाधवराव पगडी. हैदराबाद संस्थानच्या प्रशासकीय सेवेत असताना आदिलाबाद जिल्ह्यातील कामाच्या निमित्ताने गोंड व कोलाम ह्यांच्याशी त्यांचा निकट संबंध आला. आदिलाबाद हा चांद्याला लागून असलेला जिल्हा. राजुरा तालुका तर राज्यपुनर्रचनेपूर्वी त्याच जिल्ह्यात मोडत असे. पगडी हे इतिहासाचे अभ्यासक होते. कोलामीचे व्याकरण त्यांनी कोणत्याही पदवीसाठी लिहिले नाही. कामाच्या ओघात भाषा शिकणे आणि शिकलेली भाषा पद्धतशीर लिहून काढणे, एवढेच त्यांनी केले. त्यांचे व्याकरण पुढील द्राविडी अभ्यासकांना आधारभूत ठरले.

पगडींबरोबर आणि त्यांच्या आधी शेकडो अधिकारी त्या वनप्रदेशातून गेले असतील. त्यांपैकी अनेकांना गोंडी बोलताही येत असेल. त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर संपले, पगडींचे उरले. दोघांच्या अनुभवात फरक नव्हता. नोंद आणि मांडणी ह्यांत होता. उलट बाजूने दुर्गा भागवत ह्यांचे उदाहरण आहे. मध्य प्रांतातील गोंडांत फिरून डॉक्टरेटसाठी आरंभिलेला त्यांचा अभ्यास पदवीपर्यंत पोचला नाही. तथापि लोकसाहित्याच्या अभ्यासाचा मराठीतील पाया त्यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) ह्या ग्रंथाने घातला. पदवी हुकली तरी प्रबंध, म्हणजे सुसूत्र बांधणी, हुकली नाही.

६. गडचिरोलीचा आधुनिक अनुभव

प्रबंधरहित पदवीधारकांनी संशोधनात काय करून दाखविले, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातच आहे. नागपूरच्या वैद्यकीय शिक्षणानंतर डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९८४ साली सार्वजनिक आरोग्य ह्या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतली. १८७६ साली स्थापन झालेल्या ह्याच विद्यापीठाने जर्मन पद्धतीचे संशोधन-चर्चासत्र अमेरिकेत रुजविले, आणि ह्याच विद्यापीठात १९१६ साली सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय निघाले. तेथील ही पदवी मुख्यतः अभ्यासक्रमावर आधारलेली, व्यवसायाभिमुख पदवी होय. संख्याशास्त्र, रोगप्रसारशास्त्र आणि पाहणीची रचना ही तिच्यातील मुख्य शिदोरी.

१९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ह्या संस्थेचे कार्य सुरू केले. वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांतील स्त्रियांच्या तपासणीवर आधारलेला लेख १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले. ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार केवळ गर्भारपण आणि कुटुंबनियोजन ह्यांपुरता करणाऱ्या तत्कालीन धोरणास हा मोठा धक्का होता. १९९९ साली त्याच नियतकालिकात घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि तुलनेसाठी निवडलेल्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. गावातीलच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकविल्या गेल्या होत्या. बाळाचे वजन, ताप, श्वास, दूध ओढण्याची शक्ती ह्यांची नोंद त्या ठराविक तक्त्यात करीत. २०११ पासून ही पद्धती आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे देशभर स्वीकारली गेली.

ह्या उदाहरणाविरुद्ध असा आक्षेप येईल, की दोघेही आधीच वैद्यकात निष्णात होते आणि असामान्य व्यक्तींवरून सामान्य विद्यार्थ्यासाठी नियम काढता येत नाही. आक्षेप रास्त आहे. तथापि येथे मुद्दा व्यक्तींचा नसून कार्यपद्धतीचा आहे. प्रश्न आधी ठरविलेला होता, मोजमाप एकसारखे होते, तुलनेसाठी दुसरी गावे होती आणि नोंद त्याच दिवशी, त्याच ठिकाणी होत होती. ह्यांतील शेवटचे काम तर अल्पशिक्षित स्त्रियांनी केले. प्रबंधाची जी अंगे मागे सांगितली, ती सर्व येथे आहेत. फक्त ती पदवीच्या आत नसून पदवीच्या बाहेर आहेत. डॉ. राणी बंग ह्यांचे ‘गोईण’ हे पुस्तक ह्याच कामाचे दुसरे फळ होय. गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते आणि झाडांविषयीचे त्यांचे ज्ञान त्यात नोंदविले आहे. शीर्षकासाठी निवडलेला मैत्रिणीचा बोलीतला शब्द भाषेच्या अभ्यासकासही मोलाचा वाटावा.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाचे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या नावांशी जोडलेल्या ह्या गावाच्या वाटचालीत ‘अभ्यासगट’ ह्या रचनेस मध्यवर्ती स्थान आहे. गावकरी व बाहेरचे अभ्यासक एकत्र बसून एखादा विषय समजून घेत आणि निर्णय मात्र ग्रामसभा घेई. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली ह्या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. हक्काचा दावा सिद्ध करावयाचा तर सीमा, निस्तार, वनोपजाचा वापर, जुनी कागदपत्रे ह्यांचा पुरावा मांडावा लागतो. ज्याने कधी विद्यापीठ पाहिले नाही अशा गावाने पुराव्याची शिस्त पाळली, ही गोष्ट पदव्युत्तर विभागांनी विचारात घेण्यासारखी आहे.

७. आजची निवड : लाभ आणि धोके

२०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे त्याचे कार्यक्षेत्र ठरले. ज्या विद्यार्थ्याची परीक्षा एके काळी कलकत्त्याच्या वा अलाहाबादच्या प्रश्नपत्रिकेवर होत असे, त्याचे विद्यापीठ आता त्याच्या जंगलात आले. ह्या विद्यार्थ्याने कोणती वाट निवडावी, ह्याचा विचार तीन दृष्टींनी करावा लागेल.

पहिली दृष्टी पुढील शिक्षणाची. प्रबंध लिहिला नाही तर डॉक्टरेटचे दार बंद होते, अशी भीती विद्यार्थ्यांत आढळते. ती निराधार आहे. अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण ही मुख्य अट असून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांस पाच टक्क्यांची सवलत आहे. पदव्युत्तर प्रबंध ही अट नाही. परंतु ह्याच नियमांनी एम. फिल. ही पदवी बंद केली, हेही विसरता येणार नाही. पूर्वी परीक्षेच्या वाटेने एम. ए. झालेला विद्यार्थी एम. फिल. च्या लहान प्रबंधात चुका करून शिकत असे. ती पायरी आता उरलेली नाही. एम. ए. त दीर्घ लेखन टाळणारा विद्यार्थी आयुष्यातील पहिला सुसूत्र लेख थेट डॉक्टरेटसाठी लिहावयास बसेल. दार उघडे आहे. मात्र उंबरठा उंच झाला आहे.

दुसरी दृष्टी श्रमाची. चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण, एका श्रेयांकास तीस तास धरल्यास, १२० तासांचे होते. एवढ्या अवधीत एखाद्या कार्यालयात विद्यार्थ्याकडून केवळ नकला, तक्ते आणि पत्रांची आवक-जावक एवढेच काम घेतले गेले, तर ‘उमेदवार’ ह्या शब्दाचा जुना अर्थ परत येतो. बिनपगारी हात मिळतात, विद्या मिळत नाही. दूरच्या तालुक्यातून येणाऱ्या आणि प्रवासाचा व राहण्याचा खर्च स्वतः सोसणाऱ्या विद्यार्थ्यास हा सौदा फार महाग पडतो. दुसऱ्या बाजूने, प्रबंधासही अशीच अवनत अवस्था येऊ शकते, हे मान्य करावयास हवे. ग्रंथालयातील चार पुस्तकांतून उतारे जुळवून बांधलेला खंड हा नावाचाच प्रबंध होय. मनाने न केलेली नक्कल कचेरीत केली काय आणि ग्रंथालयात केली काय, फल एकच.

तिसरी दृष्टी ह्या प्रदेशाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. गोंडी किंवा माडिया घरात बोलणारा विद्यार्थी जेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामसभेच्या तेंदूपत्ता संकलनात, वनहक्क समितीत किंवा आश्रमशाळेत काम करतो, तेव्हा त्याच्याजवळ असे साधन असते जे बाहेरून येणाऱ्या कोणत्याही संशोधकास वर्षानुवर्षे शिकूनही पुरते लाभत नाही. रोगाचे दुखणे कोणत्या शब्दांत सांगितले जाते, मोहफुलाच्या मापास काय म्हणतात, जंगलाच्या सीमेसाठी वनखात्याचा कक्ष क्रमांक आणि गावाचे नाव ह्यांची सांगड कशी घातली जाते, हे त्यास सहज कळते. ते त्याने लिहून ठेवले नाही, तर ग्रिअर्सनच्या काळी जे घडले तेच पुन्हा घडेल. माहिती देणारा येथला आणि ग्रंथ लिहिणारा दुसरीकडचा, हीच विभागणी कायम राहील. आंतरवासिता पत्करणारा विद्यार्थी ही विभागणी मोडू शकतो. पण तो नोंद ठेवील तरच.

ह्यावरून विभागांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. आंतरवासितेस जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने एक प्रश्न लिहून द्यावा. काम चालू असताना दिनांकवार नोंदवही ठेवावी आणि तीत स्थानिक शब्द, परिमाणे व व्यक्तींनी दिलेली कारणे मूळ बोलीत उतरवावीत. विभागातील एका अध्यापकाने ती नोंदवही मधूनमधून पाहावी. अखेरीस तीस-चाळीस पृष्ठांचा एक सुसूत्र लेख तयार व्हावा आणि त्याची एक प्रत ज्या गावात वा संस्थेत काम झाले तेथे, त्या लोकांस कळेल अशा भाषेत, परत जावी. महाराष्ट्राच्या आराखड्यात पहिल्या वर्षातच संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम ठेवलेला असल्यामुळे ह्यासाठी निराळी व्यवस्था करण्याचीही गरज पडू नये. दुसऱ्या सत्रातील कार्यप्रशिक्षणाची नोंदवही पुढील दोन सत्रांतील संशोधन-प्रकल्पाची सामग्री झाली, तर दोन वाटा मुळात एकाच रस्त्याचे दोन टप्पे ठरतील.

८. निष्कर्ष

प्रबंध विद्वत्तेचा आणि आंतरवासिता नोकरीची, हा ठरीव सल्ला इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. रानडे-भांडारकरांची पदवी प्रबंधरहित होती. कर्वे आणि श्रीनिवास ह्यांची पदवी प्रबंधाची होती. पगडींनी नोकरीत राहून व्याकरण लिहिले आणि बंग दांपत्याने अभ्यासक्रमाच्या पदवीवरून जगभर वाचले गेलेले संशोधन उभे केले. ह्या सर्वांत समान धागा एकच आहे. त्यांनी प्रश्न विचारला, पद्धतीने नोंद केली आणि ती नोंद इतरांस तपासता येईल अशा रूपात मागे ठेवली.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने प्रबंधाविना पदवी आणि आंतरवासिता निवडली, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्याने निवडीच्या वेळी संस्थेच्या नावापेक्षा तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : तेथे कोणते काम शिकावयास मिळेल, त्या कामावर कोणाची देखरेख राहील, आणि अखेरीस काय लिहून होईल. तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर ती आंतरवासिता केवळ उमेदवारी होय. उत्तर असेल, तर ‘प्रबंध’ हा शब्द पदवीच्या नियमांत असो वा नसो, विद्यार्थ्याच्या हातून प्रबंध घडेल. पदवीच्या रूपाविषयीचा निर्णय विद्यार्थ्यावर सोपविता येईल. नोंदीची शिस्त लावण्याची जबाबदारी मात्र विभागांनी आणि अध्यापकांनी उचलावयाची आहे.